बाहुल्यांच्या खात्याला आलेली पत्रं

पानाच्या टपरीला लागून जी भिंत असते, ती कुणी रंगवायला घेत नाही. येणारा-जाणारा बोटाला उरलेला चुना तिला पुसतो आणि चालू लागतो. पाच-सात वर्षांनी बघावं तर भिंतीवर चांगला जाड थर बसलेला असतो. किस्स्यांचं तसंच आहे. आमच्या सायबर कॅफेत किस्से करायला म्हणून कुणी येत नसे. लोक मुलांची ई-मेल बघायला यायचे, रिझल्ट बघायला यायचे, आणि जाता जाता बोट पुसून जायचे.

कॅफे म्हणजे काय, इंदूरच्या राजवाड्यामागून सराफ्याकडे जाणाऱ्या गल्लीत दहा बाय बाराची खोली. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि फोनची लाइन लागेपर्यंत मांजरासारखा ओरडणारा एक डबा. मी आमच्या कापड मिलमध्ये बावीस वर्षं टायपिस्ट होतो. मिल बंद पडली तेव्हा जे काही हातात आलं, त्यातून हे दुकान टाकलं, कारण बोटांना दुसरं काही येत नव्हतं. टायपिंग हिंदी आणि इंग्रजी दोन्ही. शिवाय मजकूरही मीच बनवायचो. मॅनेजर साहेब नुसता विषय सांगायचे. वसंतरावांचा ड्राफ्ट आहे म्हटल्यावर सही करणारा तो वाचायच्या भानगडीत पडत नसे. मला या गोष्टीचा अभिमान होता, तो अजूनही आहे, उगीच कशाला खोटं बोलू?

मिल गेली तरी मिलचे लोक गेले नाहीत. रोज दुपारी दोघं ठरलेले. एक नाना, मिलच्या डिस्पॅचला आवक-जावक बघणारे. दुसरे बंडूभिया, गेटवरचे टाइमकीपर. दोघांच्या तीन खुर्च्या अडायच्या, कारण नानांना पिशवीसाठी वेगळी खुर्ची लागायची.

आणि शैलाताई. त्या मिलच्या पाळणाघरात होत्या. बायका साच्यावर, म्हणजे मागावर, गेल्या की त्यांची पोरं शैलाताईंकडे. पोरांसाठी त्या मिलच्याच कापडाच्या तुकड्यांच्या बाहुल्या शिवायच्या. मिल बंद झाल्यावर पोरं उरली नाहीत, बाहुल्या उरल्या. अमेरिकेतल्या भाचीनं, मंजिरीनं, त्यांचे फोटो इंटरनेटवर लावले आणि गंमत म्हणजे ऑर्डरी यायला लागल्या. नऊवारीतली बाहुली, लुगड्या-घागऱ्यातली माळवी बाहुली. मंजिरीनं ताईंच्या नावानं इंटरनेटवर पैसे घेणाऱ्या एका कंपनीत खातं उघडून दिलं. पैसे तिथे साठायचे आणि सणाआधी एकदम इंदूरच्या बँकेत यायचे. मिलच्या चाळीतल्या चार बायका ताईंबरोबर शिवायच्या. त्या चौघींची दिवाळी त्या खात्यात होती, आणि ते खातं माझ्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरवरून उघडायचं.

त्यामुळे त्या खात्यावर आमचा सगळ्यांचा पहारा. पहारा कसा होता ते आता सांगतो.

*

खात्याला पासवर्ड ठेवायचा होता. मंजिरीनं फोनवर सांगितलं, "मावशी, तू विसरणार नाहीस आणि दुसऱ्या कुणाला कळणार नाही असा ठेव."

ताईंनी मिलचं नाव आणि पुढे आपला बिल्ला नंबर टाकला. कुणाला दिसू नये म्हणून पदराचा आडोसाही केला. सोळा वर्षं जो पितळी बिल्ला गळ्यात घालून गेटमधून गेल्या, तो नंबर त्या विसरणं शक्य नव्हतं.

पलीकडून बंडूभियांनी पेपरमधून डोकंही वर केलं नाही. म्हणाले, "सतराशे बारा."

ताई दचकल्या. "भिया, तुम्ही बघितलं?"

"बघायचं काय त्यात? सोळा साल तुमची हजेरी लावली. नाव एकवेळ भूल जाईन, बिल्ला नंबर नाही. पूरी मिलचे पाठ आहेत."

हे ऐकल्यावर नाना गुपचूप एक नंबरच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसले आणि काहीतरी बदलायला लागले. खरं सांगायचं तर मीही दोन नंबरवर बसलो. गिऱ्हाइकांतले आणखी दोघे मिलचे होते, तेही रांगेत उभे राहिले. सगळ्यांची अक्कल एकाच कारखान्यात तयार झालेली.

काम झाल्यावर बंडूभियांनी विचारलं, "नानाजी, आता कुणाचा ठेवला?"

"बायकोचा," नाना म्हणाले. वहिनीही मिलमध्येच होत्या, रिळिंग खात्यात.

बंडूभियांनी पेपरचं पान उलटलं. "अठ्ठावीसशे चार."

*

एके दिवशी बंडूभियांनाच एक ई-मेल आली. त्याच पैसेवाल्या कंपनीच्या नावानं, वर तिचं चिन्ह वगैरे लावून. आपलं खातं चोवीस तासांत बंद होत आहे, चालू ठेवायचं असल्यास खालच्या निळ्या ओळीवर क्लिक करून माहिती भरावी. भियांनी कुणाला न विचारता क्लिक केलं. नाव भरलं, जन्मतारीख भरली, आईचं माहेरचं आडनाव भरलं. मग मला हाक मारली.

"वसंतभिया, हे सोळा आकडी नंबर कशाचा मागून राहिले?"

मी जाऊन बघितलं. "कार्डाचा. पण भिया, तुमचं या कंपनीत खातं आहे?"

"नाही."

"मग बंद काय होणार?"

भियांनी माउस बाजूला सरकवला. मग म्हणाले, "ते बरोबर है. पण बंद होणार म्हटलं ना, की हात आपोआप चालायला लागतो यार. मिल बंद झाली तेव्हा आम्ही गेटवर नुसते उभे राहिलो. म्हटलं, या बार तरी टाइमवर फॉर्म भरून टाकू."

आधी कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग भिया स्वतःच इतके हसले की खुर्ची मागे सरकली. तेव्हा आम्हाला पहिल्यांदा उमगलं की ही पत्रं खातं बघून येत नाहीत. जत्रेत पत्रकं वाटतात तशी ती सगळ्यांना वाटली जातात. ज्याचं खातं असेल तो आपणहून घाबरतो.

*

मग नानांनी कारभार हातात घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीतून लाल कापडी पुठ्ठ्याचं एक कोरं रजिस्टर निघालं. मिलचंच. ते त्यांच्याकडे कसं आलं, हे आम्ही विचारलं नाही.

"ताईंच्या खात्याचं एकही पत्र आवक क्रमांक पडल्याशिवाय उघडायचं नाही," नाना म्हणाले. "पाठवणारा कोण, कुठून, विषय काय, कुणाच्या नावे. वसंता, तू वाच, मी लिहितो."

आम्ही हसलो. पण महिन्याभरात त्या रजिस्टरनं जे दाखवलं ते मला कॉम्प्युटरचा क्लास करूनही दिसलं नव्हतं. कंपनी एकच आणि पाठवणाऱ्याचे पत्ते सहा. खरी पत्रं ताईंच्या नावानं यायची, खोटी 'प्रिय ग्राहक' म्हणून. खऱ्या पत्रात घाई नसायची. खोट्यात चोवीस तास, नाहीतर अठ्ठेचाळीस तास. आणि निळ्या ओळीवर नुसता बाण नेऊन ठेवला, क्लिक न करता, की खाली कोपऱ्यात खरा पत्ता उमटायचा. तो निघायचा भलत्याच गावचा. नाना तोही लिहून घ्यायचे, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'बनावट' म्हणून सही करायचे.

इथवर ठीक होतं. पण उत्तर न देता पत्र फाइल करणं नानांच्या रक्तात नाही. एका खोट्या पत्राला त्यांनी माझ्याकडून इंग्रजीत उत्तर टाइप करून घेतलं. आपले पत्र मिळाले. मागितलेली माहिती द्यायला हरकत नाही, परंतु आपली मागणी आपल्या खातेप्रमुखामार्फत, सही-शिक्क्यानिशी, तीन प्रतींत यावी.

मी म्हटलं, "नाना, चोराला काय तीन प्रती मागता?"

"चोर असला म्हणून काय झालं? पद्धत ती पद्धत."

आणि त्या भल्या माणसाचं उत्तर आलं. सर, प्लीज, अर्जंट आहे. नानांनी त्याला स्मरणपत्र पाठवलं. पुन्हा उत्तर आलं, या वेळी थोडं चिडून. नानांनी दुसरं स्मरणपत्र पाठवलं आणि त्यात पहिल्या स्मरणपत्राचा जावक क्रमांक टाकून त्याची प्रत का आली नाही, अशी विचारणा केली. त्यानंतर त्या पत्त्यावरून कधी काही आलं नाही. नानांनी रजिस्टरात लिहिलं, 'प्रकरण निकाली'.

नंतर मंजिरीनं फोनवर हे ऐकलं आणि ती चांगलीच रागावली. अशा पत्रांना अजिबात उत्तर द्यायचं नसतं म्हणाली, उत्तर दिलं की हा पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. नानांनी ऐकून घेतलं आणि तिच्या फोनचीही नोंद केली.

*

देपालपुरचे एक दाजी होते, वाणी घरातले. धान्याचा व्यापार त्यांचा, पण मुलगा बाहेरदेशी असल्यानं त्याच कंपनीत त्यांचंही खातं होतं. ई-मेल मुलगाच बघायचा. एकदा तो कामात होता म्हणून त्यांनी गावातल्या कुणाकडून पत्र छापून घेतलं. आपली ओळख पटवून द्यावी, असं त्यात लिहिलं होतं.

दाजी सकाळची बस पकडून थेट माझ्या दुकानात. पांढरं धोतर, डोक्यावर पगडी, हातात तो कागद, बरोबर सरपंचाचं पत्र आणि साक्षीदार म्हणून शेजारी.

"हूँ आयी ग्यो," मी आलोय, असं माळवीत म्हणून ते तीन नंबरच्या कॉम्प्युटरसमोर ताठ बसले. "बोल दो उनको, देख ले."

मी समजावलं की ओळख पटवायची म्हणजे पासवर्ड द्यायचा, आणि तो द्यायचा नाही, कारण पत्रच खोटं आहे.

दाजींनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांना एकच गोष्ट पटेना. "चेहरा बघितल्याशिवाय ओळख कशी पटते?" असं त्यांनी हिंदीत तीन-तीनदा विचारलं. नाना म्हणाले, इंदूर जिल्ह्यातला सगळ्यात सुरक्षित खातेदार हाच. याच्याकडून काही काढून घ्यायचं तर चोराला देपालपुरला जावं लागेल.

*

आता माझी फजिती. ही मी सहसा सांगत नाही.

टायपिस्टची नजर कधी यंत्रावर नसते, ती बाजूच्या कागदावर असते. तीच आमची कला. ताईंच्या खात्यात नवीन ऑर्डर आल्याची ई-मेल होती. नाना त्या दिवशी लग्नाला गेले होते. मी म्हटलं, रजिस्टर उद्या भरू. निळ्या ओळीवर क्लिक केलं, समोर पान उघडलं, ताईंनी कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलेला पासवर्ड मी डावीकडे ठेवला आणि चिठ्ठीकडे बघत खडाखड मारला. मिनिटाला पंचावन्न शब्दांची बोटं ती. शेवटी मान वर केली तेव्हा दिसलं की पानाच्या वरचा पत्ता त्या कंपनीचा नव्हताच. आणि बोट बटणावर निघालेलं.

तेवढ्यात लाइट गेली.

त्या वर्षांत इंदुरात लाइट जायची त्याबद्दल मी सरकारला खूप शिव्या दिल्या आहेत. त्यातल्या निम्म्या मी त्या दुपारी मनातल्या मनात परत घेतल्या. बॅटरीचा डबा दुरुस्तीला गेला होता, म्हणून पडदा तत्क्षणी काळा झाला. पण बटण आधी दाबलं गेलं की आधी लाइट गेली, हे मला सांगता येईना. बोटांनाही आठवेना.

तीन तास लाइट आली नाही. बाहेरच्या फोनवरून मंजिरीला लावला तर तिच्याकडे पहाट, कुणी उचलेना. शैलाताई बाकावर बसून राहिल्या. चाळीतल्या चौघींपैकी दोघी निरोप कळल्यावर आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. बंडूभियांनी चहा मागवला, तो तसाच गार झाला. मला माझी जेवढी लाज वाटली, तेवढी मिलमधून रिकाम्या हातानं घरी गेलो तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा निदान चूक माझी नव्हती.

लाइट आली. लाइन लागेपर्यंत डबा ओरडत होता आणि आम्ही सगळे उभे होतो. या वेळी मी कंपनीचा पत्ता स्वतःच्या हातानं टाइप केला, एकेक अक्षर पडद्यावर बघत, शिकाऊ उमेदवारासारखा. खातं उघडलं. पैसे जागच्या जागी. पासवर्ड तिथल्या तिथे बदलला.

संध्याकाळी मंजिरीनं नियम घालून दिला. पत्रातल्या निळ्या ओळीवर कधीही क्लिक करायचं नाही, पत्ता दर वेळी आपल्या हातानं टाकायचा. ताईंनी तो माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला, पाळणाघरातल्या पोराकडून घेतात तसा. मग पिशवीतून डबा काढून पोहे दिले. पोहे गार होते, पण मी सगळे खाल्ले.

*

आणि हा शेवटचा. दिवाळीला तीन आठवडे होते. खातं भरलेलं होतं, चौघींनी काय काय घ्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. अशात एक पत्र आलं, इंग्रजीत.

नानांनी आवक क्रमांक टाकला आणि तपासणी सुरू केली. ताईंचं पूर्ण नाव बरोबर. पाठवणाऱ्याचा पत्ता खऱ्या पत्रांशी जुळणारा. निळ्या ओळीवर बाण नेला तर तिथेही कंपनीचाच वाटणारा पत्ता. धमकी नाही, चोवीस तास नाहीत. बाहुल्यांचासुद्धा उल्लेख होता, आणि भाषा तर इतकी सुरेख की मला स्वतःला असूया वाटली. सणासुदीच्या दिवसांत आपलं खातं जास्त सुरक्षित करत आहोत, खाली एकदा संमती द्यावी. नानांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं, 'अस्सल'. बंडूभिया म्हणाले, "कंपनी चांगली है यार."

ताईंना इंग्रजी येत नाही, म्हणून मी सगळं पत्र मराठीत करून मोठ्यानं वाचून दाखवलं. ताई बाहुलीच्या पोटात कापूस भरत ऐकत होत्या. माझा हात माउसवर गेला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हे खोटं आहे."

"ताई, नानांनी अस्सल म्हटलंय."

"म्हणू देत. क्लिक करायचं नाही असं ठरलंय ना?"

"तो नियम खोट्या पत्रांसाठी आहे," मी म्हटलं. आज हे वाक्य आठवलं की कान गरम होतात.

ताईंनी बाहुली खाली ठेवली आणि माउस माझ्या हाताखालून काढून घेतला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माउस धरला तो तेव्हा, आणि तोसुद्धा मला धरू न देण्यासाठी. शेवटी त्यांच्या समाधानासाठी मी पत्ता हातानं टाकून खातं उघडलं. तिथे संमती मागणारी काहीही सूचना नव्हती. मंजिरीनं दुसऱ्या दिवशी कंपनीलाच विचारलं. असं पत्र आम्ही पाठवलेलंच नाही, त्यांनी कळवलं. त्या आठवड्यात घरून माल विकणाऱ्या बऱ्याच लोकांना नावानिशी अशी पत्रं गेली होती, आणि काहींची खाती धुऊन निघाली होती. ताईंचे पैसे वेळेवर इंदूरच्या बँकेत आले.

नानांनी 'अस्सल' खोडलं आणि खोडल्याची सही केली. मग आम्ही तिघं शैलाताईंभोवती खुर्च्या घेऊन बसलो. नानांना राहवेना. "ताई, नाव बरोबर, पत्ता बरोबर, भाषा बरोबर. तुम्ही कशावरून ओळखलंत?"

ताई सुईत दोरा ओवत होत्या. "वसंतरावांनी वाचलं ना, 'आपले हित हीच आमची पहिली चिंता'. त्यावरून."

"म्हणजे?" मी विचारलं.

"मिल बंद व्हायच्या आठवडाभर आधी पाळणाघराच्या दारावर नोटीस लागली होती. 'प्रिय कर्मचारी, आपका हित हमारी पहली चिंता है.' पहिलीच ओळ." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. "खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात टायपिस्टची आद्याक्षरं होती. तुमची."

नाना रजिस्टर चाळायला लागले. बंडूभिया पंख्याकडे बघत होते.

"छान लिहिलं होतं हो," शैलाताई म्हणाल्या. "मी तर घरी जाऊन यांनासुद्धा म्हणून दाखवलं होतं."